कुसळीचा माळ

मुंबईहून पुण्यास जाणारी गाडी कर्जत स्टेशनांत थांबली म्हणजे उतारूंचें सारें लक्ष बटाटेवड्यांकडे असतें. घाटासाठीं मागून जादा इंजिनें जोडलीं जाईपर्यंत वडे खाऊन होतात, गाडी हलते, आणि पळसदरी मागें पडून बोगदे सुरू झाले कीं मंडळी डोळे मिटून स्वस्थ पडतात. १८६३ सालीं हा घाट आगगाडीस खुला झाल्यापासून लक्षावधि लोक या तालुक्यावरून गेले असतील. तालुक्यांत उतरले फार थोडे. जे उतरतात व मागाहून त्याविषयीं लिहितात, ते माथेरान, राजमाची, कोंडाण्याचीं लेणीं, शेजारच्या खालापूर तालुक्यांतील महडचा वरदविनायक, इतकीं नांवें घेऊन थांबतात. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु पावसाळा सरल्यावर या डोंगरांच्या पायथ्याशीं जो हिंडून येतो, त्याच्याबरोबर आमंत्रणावांचून घरापर्यंत जी एक वस्तु येते, तिचा उल्लेख कोणी करीत नाहीं. ती वस्तु म्हणजे कुसळ.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही नातवास घेऊन चार दिवस या भागांत राहिलों होतों. नातू बारा वर्षांचा. त्यास लेणीं पाहावयाचीं होतीं, आणि आम्हांस लेण्यांच्या निमित्तानें चालावयाचें होतें. कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत रिक्षा मिळते. तेथून पुढें उल्हास नदीच्या खोऱ्यांतून राजमाचीच्या डोंगराकडे पायवाट जाते. भातें कापून झालीं होतीं. खाचरांत नुसते खुंट उरले होते आणि बांधांवर आघाडा वाळून उभा होता. याच आघाड्याची पत्री आपण भाद्रपदांत गणपतीस मोठ्या भक्तिभावानें वाहतों; मार्गशीर्षांत तोच आघाडा येणाऱ्याजाणाऱ्याचें वस्त्र धरतो. परंतु आघाड्याचें धरणें म्हणजे लहान मुलानें पदर धरावा तसें. झटकलें कीं सुटतें. खरा प्रसंग पुढें होता.

खाचरें संपून वाट एका उघड्या माळावर चढली. माळभर कमरेइतकें गवत, वाळून तांबूस झालेलें. प्रत्येक काडीच्या शेंड्यास काळपट कुसळांचे झुबके, आणि ते एकमेकांत असे पिळले गेलेले कीं जणूं कोणी माळाची वेणीच घातली आहे. सकाळचें कोवळें ऊन त्यावर पडलें होतें. नातू म्हणाला, “आजोबा, किती सुंदर दिसतें!” आम्हीं होकार दिला. दहा मिनिटांनीं तो खालीं बसला आणि पाय धरून कळवळूं लागला. त्याच्या पायमोज्यांवर पांढरा भाग म्हणून उरला नव्हता. आमच्या लेंग्याची अवस्था त्याहून फारशी निराळी नव्हती. मोज्यांतील कुसळ शेपटाकडून ओढावें तर शेपूट हातांत येतें आणि अणी आंतच राहते. हें आम्हांस ठाऊक असावयास हवें होतें; परंतु पेन्शनींत निघालेल्या मनुष्याचें ज्ञान बऱ्याच अंशीं पुस्तकांत परत गेलेलें असतें.

तेथेंच एका खडकावर बसून आम्हीं एक धड कुसळ मिळवलें व तळहातावर ठेवून नातवास दाखवलें. बीं तांदळाच्या कणीसारखें बारीक. त्याच्या एका टोकास सुईसारखी कठीण अणी, आणि त्या अणीवर तांबूस केंस, सगळे मागें झुकलेले. दुसऱ्या टोकास दोन-तीन इंच लांबीचें शेपूट; तें सुंभासारखें पीळ घातलेलें व मध्येंच गुडघ्यासारखें वांकलेलें. नातवाच्या बाटलींतले पाण्याचे चार थेंब आम्हीं त्यावर सोडले. क्षणभर कांहीं झालें नाहीं. मग शेपटाचें टोंक हळूंच हललें आणि घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरूं लागलें. मुलगा पायाचें दुखणें विसरला. “हें जिवंत आहे!” तो ओरडला.

जिवंतपणा त्यांत नाहीं, करामत मात्र आहे. शेपटाचा पीळ ओलाव्यानें सुटतो व वाळला कीं पुन्हां बसतो. रात्रीं दंव पडतें, दिवसां ऊन तापतें. म्हणजे रोज एकदां सुटणें व एकदां बसणें आलें. जमिनीवर पडलेल्या कुसळाचें शेपूट आसपासच्या काड्यांत अडकलेलें असतें. मग शेपटास फिरतां येत नाहीं म्हणून अणीच फिरते, आणि सुताराचें गिरमिट लांकडांत शिरावें तशी मातींत शिरते. मागें झुकलेल्या केंसांमुळें तिला पुढें जातां येतें, परत येतां येत नाहीं. मातीऐवजीं मोजा, मेंढीची लोंकर किंवा गुराची जीभ लाभली तरी तिचा नेम तोच.

रॉबर्ट हूक या इंग्रज पंडितानें १६६५ सालच्या आपल्या ग्रंथांत रानटी ओट धान्याच्या कुसळाचें असेंच फिरणें वर्णिलें आणि त्या कुसळाचाच कांटा करून हवेंतील दमटपणा मोजण्याचें यंत्र बनवलें. पुढें १८७६ सालीं चार्लस डार्विनच्या मुलानें, फ्रान्सिस डार्विननें, अशीं बीजें स्वतःस कशीं पुरून घेतात यावर निबंध लिहिला. आमच्या कुसळीचें शास्त्रीय नांव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. यांतील दुसरा शब्द १७५३ सालीं लिनीअसनें दिला. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ ‘पिळलेलें’ असा आहे. नांव ठेवणाऱ्यानें नेमकें वर्म ओळखलें असें म्हटलें पाहिजे. हेंच गवत दूर हवाई बेटांतही उगवतें. तेथें त्यास पिली म्हणतात आणि तेथले मूळ रहिवासी त्यानें आपलीं घरें शाकारीत असत. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत मात्र त्यानें मेंढपाळांस रडवलें. तेथील पुष्कळांनीं मेंढ्या सोडून गुरें पाळणें पत्करलें, त्याच्या कारणांपैकीं हें बीं एक होतें.

आमच्या जुन्या अध्ययनामुळें आम्हांस येथें निराळेंच स्मरण झालें. ‘कुशल’ या शब्दाची व्युत्पत्ति, जो हात न कापतां कुश खुडून आणतो तो, अशी सांगतात. मम्मटानें लक्षणेच्या प्रकरणांत हाच शब्द उदाहरणास घेतला, आणि विश्वनाथानें साहित्यदर्पणांत त्यास हरकत घेतली. विद्यार्थिदशेंत हा वाद आम्ही पाठ करून मोकळे झालों होतों. कुश खुडणाऱ्याचा हात मात्र आम्हीं कधीं पाहिला नव्हता. शाकुंतलाच्या चौथ्या अंकांत शकुंतलेचा पदर मागून ओढणारें हरिणाचें पोर आहे. कुशाच्या सुईसारख्या टोकानें त्याचें तोंड जखमी झालें तेव्हां तिनें त्यावर इंगुदीचें तेल लावलें होतें. कालिदासानें तेथें कल्पना केली असें आम्ही वर्षानुवर्षें समजत आलों. ज्यानें मार्गशीर्षांतल्या माळावर चरणारें वांसरूं पाहिलें आहे, त्यास ती कल्पना वाटणार नाहीं. कुश निराळा व कुसळी निराळी हें खरें; जखम एकच.

लेण्यांविषयीं येथें थोडक्यांत सांगतों. कोंडाण्याचें चैत्यगृह इसवी सनापूर्वीचें आहे; खालचे खांब बहुतेक मोडले आहेत, वरची लांकूडकामाच्या धर्तीची कमान शाबूत आहे. दर्शनी भागावर ब्राह्मी लिपींत एक लहानसा लेख असून, कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, एवढेंच त्यांत म्हटलें आहे. नातवानें विचारलें, “कण्ह कोण?” आम्हीं सांगितलें, “बलकाचे गुरुजी.” त्यापुढें त्याविषयीं सांगण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. शिष्यानें नांव घेतलें म्हणून गुरु उरला.

दुसऱ्या दिवशीं आम्हांस खालापुरास नातलगांकडे जावयाचें होतें. कर्जतहून खोपोलीस जाणारी लोकल पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी लहान लहान स्टेशनें घेत जाते. खिडकींतून दोन्ही बाजूंस तोच तांबूस माळ दिसत होता. फरक एवढाच कीं त्यास आतां जागोजाग तारेचें कुंपण होतें आणि कुंपणावर पाट्या होत्या. या माळाचा पूर्वींचा उपयोग वाचकांस ठाऊक असण्याचें कारण नाहीं, म्हणून सांगतों. या प्रांतीं शेतकऱ्याची जमीन दोन प्रकारची. खालीं भातखाचरें, वर उतारावर वरकस. वरकसावर नाचणी, वरी होई आणि गवत होई. गवतावांचून खालचें भातही होत नसे. कारण रोपांसाठीं राब भाजावा लागतो, आणि राब म्हणजे शेण, पालापाचोळा, टहाळ व गवत यांचे थर देऊन त्यांवर माती पसरून उन्हाळ्यांत पेटवलेली जमीन. घरांचीं छपरें गवतानें शाकारीत. उरलेलें गवत पेंढ्या बांधून विकीत; मुंबईच्या तबेल्यांकडे जाणारे गवताचे डोंगराएवढे ट्रक आम्हीं स्वतः पाहिले आहेत.

या सगळ्यास एक अट असे: गवत वेळेवर कापलें पाहिजे. कुसळी कोंवळी असतांना गुरें ती आवडीनें खातात. आश्विनांत ती फुलावर येते, आणि एकदां बीं पिकलें कीं तेंच गवत जनावराच्या हिरड्यांत व जिभेंत रुततें. म्हणजे सारी कमाई दोन-तीन आठवड्यांची. शिवाय हळवें भातही त्याच सुमारास कापणीस येतें. एका घरांत जेवढे हात असतील तेवढे त्या दिवसांत विळ्यावर असत. मोठे हात, तसे लहानही.

हें आज आम्ही शहाण्यासारखें लिहितों. १९८४ सालीं याच तालुक्यांतील एका खेड्याच्या शाळेंत आम्ही नवे मास्तर होतों, तेव्हां हें आम्हांस कळत नव्हतें. ठाकरवाडींतला एक मुलगा वर्गांत होता. गणितांत चांगला, अक्षर वळणदार. सहामाही परीक्षेच्या तोंडावर तो एकाएकीं येईनासा झाला. परीक्षा झाली, आणि मग अठरा दिवसांनीं तो आला. हातांवर गवताच्या पातीचे चरे, चड्डीस व सदऱ्यास कुसळें तशींच. आम्हीं त्यास वर्गाबाहेर उभें केलें. कुसळें काढून आंत ये म्हणालों. आणि सर्वांदेखत हेंही म्हणालों, कीं गवत कापूनच पोट भरावयाचें असेल तर पाटी कशाला हवी? तो दिवसभर दाराशीं उभा राहून एकेक कुसळ काढीत होता. दुसऱ्या दिवशीं आला नाहीं. हजेरीपटावर आम्हीं महिनाभर लाल शाईनें खुणा केल्या आणि पुढल्या वर्षीं त्याचें नांव पटावरून कमी केलें. त्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षें आम्ही दरवर्षीं मुलांकडून कुसळ व मुसळ या म्हणीचा कल्पनाविस्तार लिहवून घेत होतों, आणि तो मुलगा आम्हांस एकदांही आठवला नाहीं.

खालापुरास पोंचल्यावर तिसऱ्या प्रहरीं आम्ही आजोबा-नातू फिरावयास निघालों. गांवाचें नांव मुद्दाम देत नाहीं. २००२ सालीं पुरा झालेला द्रुतगति महामार्ग येथून जवळच आहे. मोटारींचा घोष माळावर अखंड ऐकूं येतो. एका कुंपणाशीं राखणदाराची निळी टोपी घातलेला गृहस्थ विळ्यानें गवत कापीत होता. आम्हांस पाहून तो थांबला. थोडा वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, “गुरुजी ना? वळखलं नाय का?”

आम्हीं ओळखलें नाहीं. त्यानें नांव सांगितलें, आणि मग ओळखलें.

काय बोलावें हें सुचेना. आमच्या तोंडून निघालें तें असें: “आतां कशाला कापतोस? कुसळ तर धरलें.” तो हंसला. “हें गुरांसाठीं नाय गुरुजी, वणव्यासाठीं. जाळरेषा काढतो. दहा हात पट्टा मोकळा ठेवला म्हणजे फाल्गुनांत आग आंत येत नाय.” कुंपणाच्या आंतली सहा एकर जमीन मुंबईच्या मालकाची. मधोमध बंगला, त्याभोंवतीं विलायती हिरवळ, ती यंत्रानें कापतात व तिला टँकरचें पाणी देतात. उरलेल्या माळास विळा लावावयाचा नाहीं असा हुकूम. पावसाळ्यांत गवत वाऱ्यावर डोलतें तें पाहुण्यांस आवडतें. या माळाचा कांहीं भाग पूर्वीं त्याचे वडील खंडानें कापीत असत.

त्यानें जें सांगितलें तें येथें आमच्या शब्दांत देतों. गवत दरसाल फुलापूर्वीं उतरलें जाई तेव्हां कुसळी होतीच, पण शेडा, पवन्या, मारवेल हीं गवतेंही तिच्या जोडीस असत. आतां कोणी कापीत नाहीं. वाळलेलें गवत उभें राहतें. फाल्गुन-चैत्रांत कोणी विडीचें थोटूक टाकतो, कोणी नवें गवत चांगलें फुटेल या समजुतीनें काडी लावतो, आणि डोंगरच्या डोंगर रात्रभर जळतात. बाकीच्या गवतांचें बीं वर पडलेलें असतें तें जळतें. कुसळीचें बीं मार्गशीर्षांतच मातींत शिरून बसलेलें. त्यास आंच लागत नाहीं. जून महिन्यांत मोकळी जागा तिची. पुढल्या वर्षीं कुसळें अधिक, म्हणून गवतास गिऱ्हाईक कमी, म्हणून कापणी त्याहून कमी, म्हणून आग मोठी. सकाळीं आम्हीं नातवास हूक व डार्विन सांगून जें शिकवलें होतें, त्याचा उत्तरार्ध या मनुष्याकडे होता. गवताच्या शास्त्रज्ञांचेंही म्हणणें याच्या जवळपास आहे: अति चराई व वारंवार जाळणें यांनीं चांगलीं गवतें मागें हटतात आणि कुसळीसारख्या चिवट जातींस फावतें.

आम्हीं विचारलें, मालकास हें सांगितलेंस का? “सांगितलं. ते म्हणाले, लॉन जळला नाय ना? मग झालं.”

त्याची वाडी डोंगराच्या उताराशीं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं याच तालुक्यांत इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हांपासून अशा वाड्यांकडे पाहतांना आमची नजर आधीं वरच्या कड्याकडे जाते. तो मात्र त्याविषयीं कांहीं बोलला नाहीं. म्हशी विकल्या, घरावर पत्रे घातले, मुलगी कर्जतला कॉलेजांत जाते, असें सांगत होता. “परीक्षेच्या दिवसांत तिला विळ्याला हात लावूं देत नाय,” तो म्हणाला. आमच्याकडे पाहून म्हणाला नाहीं. नातवाच्या पायमोज्यांकडे पाहत होता.

“बस रे बाळा,” तो त्यास म्हणाला आणि समोर उकिडवा बसला. कुसळ शेपटाकडून ओढावयाचें नाहीं. कापडाच्या आंतल्या बाजूनें अणी चिमटींत धरावयाची व ती ज्या दिशेस चालली आहे त्याच दिशेस तिला पुढें काढून घ्यावयाची. म्हणजे केंस आड येत नाहींत. त्याचीं बोटें भराभर चालत होतीं. मुलाचे दोन्ही मोजे झाल्यावर त्यानें आमच्या लेंग्याकडे हात नेला. आम्हीं पाय मागें घेतला. “राहूं दे,” म्हणालों, “आम्ही काढतों.” आणि त्याच्या शेजारीं बसून, त्यानें दाखवल्याप्रमाणें, काढूं लागलों. तें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. अर्ध्या तासांत आमचे बावीस झाले. तेवढ्या वेळांत, त्या दिवशीं वर्गाबाहेर उभें केल्याची गोष्ट आम्हींच काढली. तो म्हणाला, “त्या साली बापाचा पाय मोडला होता गुरुजी. कापणाराच नव्हता कोणी.” एवढें बोलून त्यानें विळा उचलला, कारण ऊन कलत होतें आणि पट्टा बराच उरला होता.

निघतांना आम्हीं त्यास विचारलें, गवत कापण्याची खरी वेळ कोणती, म्हणजे तिथीनें सांग. तो म्हणाला, “घट बसले कीं या. कुंपणाबाहेर आमच्या वाडीचा दोन एकर माळ अजून आहे. तो कापतों आम्ही. विळा देतों तुम्हांला.”

घरीं परतल्यावर सूनबाईंनीं आमचे कपडे गॅलरीबाहेर झटकले, तरी धुण्यांतून तीन कुसळें एका टॉवेलांत गेलींच, व त्यांचा पत्ता दुसऱ्या दिवशीं आमच्या चिरंजीवांस पाठीवर लागला. नातवानें काडेपेटींत अकरा कुसळें जपून ठेवलीं आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यास तो पाण्याच्या थेंबावर त्यांचा नाच दाखवतो. आम्हीं दिनदर्शिकेवर घटस्थापनेच्या तारखेस खूण करून ठेवली आहे. आमच्या कुटुंबाचें म्हणणें, या वयांत विळा हातीं धरण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. आणि जावयाचेंच झालें तर पायमोजे घालूं नयेत.